एक शाल शिल्लक

कार्यक्रमात आभाराला उभ्या राहणाऱ्या माणसाची कीव करावी तेवढी थोडी. अध्यक्षांचं भाषण लांबलेलं असतं, बाहेर चहाचा वास सुटलेला असतो, मागच्या रांगेतली मंडळी चपला शोधत असतात आणि हा बिचारा हातातल्या कागदावरून नावं वाचत असतो. नावांचा क्रमही ठरलेला. आधी पैसे देणारे, मग पदावरचे, मग हॉल देणारे, आणि श्वास संपत आला की ‘ज्ञात-अज्ञात हात’. हे अज्ञात हात कुणाचे, ते विचारायची आपल्याकडे रीत नाही. कर्जतला एका चित्रप्रदर्शनात एका मुलीने ते विचारलं. तिने माइकवर एकूण एक नावं घेतली. मी इथे एकही देणार नाही, कारण ती माणसं अजून तिथेच राहतात आणि या गोष्टीवरून एकमेकांची अजून थट्टा करतात.

प्रदर्शन कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या चित्रकारांचं. मुंबईचे चित्रकार इकडच्या फार्महाउसवर येतात, डोंगर रंगवून नेतात, ते डोंगर काळा घोड्याला जहांगीरमध्ये लागतात, आणि डोंगराखाली राहणाऱ्यांनी आपलाच डोंगर बघायला लोकलने दोन तास जायचं, हे काही बरं नाही, असं चित्रकलेच्या सरांचं म्हणणं. सर निवृत्त. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवण्यात हयात गेलेली. या दोन तालुक्यांत ज्याला ब्रश धरता येतो, त्यातला निम्मा त्यांच्या हाताखालून गेलेला. त्यांनी एक मंडळ जमवलं. त्याला चिटणीस मिळाले, खजिनदार मिळाले, आणि काम करायला ताई मिळाली. ताई खोपोलीची, ए.टी.डी. करून तिथल्याच एका शाळेत चित्रकला शिकवणारी. मुलं तिला ताई म्हणतात, आपणही ताईच म्हणू.

चित्रं कुणाकुणाची होती ते सांगण्यासारखं आहे. नेरळचे एक काका, आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, फ्लेक्स आल्यावर हात रिकामे झाले. त्यांनी माथेरानच्या छोट्या गाडीची चित्रं काढली होती, आणि डब्यावरची अक्षरं अशी की छापलेली वाटावीत. खोपोलीच्या कागद गिरणीतला एक कामगार, रात्रपाळीहून आल्यावर जलरंग लावणारा. एक निवृत्त रेल्वे गार्ड. कर्जतहून लोणावळ्याला चढताना घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे, म्हणून गाडीला जादा इंजिनं जोडतात. कर्जतला गाडी थांबते ती मुळात त्यासाठी, वडापावची सोय आपोआप झाली. या गार्डसाहेबांनी सहा चित्रं काढली होती आणि सहाही मागून ढकलणाऱ्या इंजिनाची. पुढच्या डब्यातल्यांना ते इंजिन दिसत नाही आणि गार्डला घाटभर दुसरं काही दिसत नाही, एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. शिवाय शाळेतल्या मुलांची इर्शाळगडाची, पेठच्या किल्ल्याची, उल्हास नदीची चित्रं. आणि कोपऱ्यात सरांचं स्वतःचं, कोळशाने काढलेलं एक भलंमोठं दगडी डोकं, कोंडाणे लेण्यातलं.

प्रदर्शन लावणं म्हणजे काय, हे ज्याने लावलंय त्यालाच कळतं. शाळेचा हॉल फुकट मिळाला, पण भिंतीला खिळा मारायचा नाही ही अट. मग मांडववाल्याकडून लाकडी चौकटी आणून त्यावर पांढरं कापड ताणलं. पश्चिमेच्या भिंतीला मात्र वरून आडवा लोखंडी पाइप होता, त्यावरून मासे धरायची तंगूस सोडून चित्रं टांगली. तंगूस दिसत नाही, पण ताणते. सकाळी सरळ लावलेलं चित्र संध्याकाळपर्यंत एका खांद्यात उतरतं. खोपोलीची चित्रं दुपारच्या लोकलच्या मालडब्यातून आली. खोपोली, लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी, कर्जत: प्रत्येक स्टेशनाला ताई आणि गिरणीतला कामगार चित्रांना पाठ लावून उभे, आणि समोर भाजीच्या पाट्या नि मोळ्या. चित्रं निवडताना एक मोठं चित्र परत पाठवावं लागलं, कारण नियम दोन बाय तीन फुटांचा आणि ते चांगलं तीन बाय चार. चिटणिसांनी अर्जावर लाल शाईने ‘नियमात बसत नाही’ लिहिलं आणि फाइल बंद केली.

तीन दिवसांचं प्रदर्शन, शुक्रवार ते रविवार. मार्गशीर्षातली थंडी होती, पावसाचा संबंध नव्हता. शनिवारी रात्री तो आला.

रविवारी सकाळी ताई पहिल्या गाडीने उतरली तेव्हा रस्ते ओले होते. ती स्टेशनपासून शाळेपर्यंत अक्षरशः धावत गेली. हॉलचं दार उघडं होतं. पश्चिमेच्या भिंतीखाली फरशीवर पाणी, वर कौलांतून उजेडाची फट, आणि भिंत रिकामी. भिंतीवरची सगळी चित्रं पलीकडच्या बाकांवर व्यवस्थित रचलेली, वर निळी ताडपत्री, ताडपत्रीच्या कडेला विटा. तिने ताडपत्री उचलली. चित्राच्या तोंडाला तोंड, पाठीला पाठ. दर दोन काचांच्या मध्ये वर्तमानपत्र, आणि चौकटींच्या कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या घड्या घालून टोप्या चढवलेल्या. वर्तमानपत्रं शनिवारची, मुंबई आवृत्तीची, वेगवेगळी. तीन-चारांतली शब्दकोडी अर्धवट सोडवलेली आणि प्रत्येकातलं अक्षर निराळं. एका चित्रालाही थेंब लागलेला नव्हता.

दहा वाजता मंडळ जमलं. चिटणिसांनी आधी घटनेचं गांभीर्य वगैरे सांगितलं. मग खजिनदार मुद्द्यावर आले. समारोपाला पाच पाहुणे, म्हणून पाच शाली आणि पाच नारळ आणलेले. एका पाहुण्यांचा सकाळीच निरोप आला की येणं होत नाही. म्हणजे एक शाल शिल्लक. “चित्रं ज्याने वाचवली त्याच्या अंगावर घालू,” खजिनदार म्हणाले. “ताई, पाच वाजेपर्यंत मला नाव दे. एकच नाव. आभाराला तुला तीन मिनिटं आहेत.”

शाल पिशवीत घालून ताई निघाली. तिला वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम.

हॉलमध्ये राखणीला शाळेचे शिपाईकाका झोपले होते. ती त्यांच्याकडे गेली आणि पिशवी उघडायच्या आत ते म्हणाले, “ताई, मला लाजवू नका. मी घोरत होतो. म्हातारपणी एकदा कान बंद झाले की ढग फुटला तरी कळत नाही. मिनीडोअरवाल्याने दारावर लाथा घातल्या तेव्हा उठलो. दार उघडलं, दिवा लावला. एवढंच.”

मिनीडोअरवाला स्टेशनबाहेर रांगेत तिसरा होता. मुंबईहून शेवटची लोकल अडीचच्या पुढेमागे येते, तिचे पॅसेंजर घेऊन तो गावाबाहेर निघालेला, एवढ्यात पाऊस कोसळला. “मी चित्रांसाठी नाही गेलो,” त्याने सरळ सांगितलं. “मावशीने संध्याकाळी बजावलं होतं म्हणून गेलो. नाहीतर मला काय कळणार हॉलचं कौल फुटलंय ते?”

मावशी म्हणजे शाळेच्या फाटकापाशी वड्याची गाडी लावणारी. तिने शनिवारी दुपारी पाहिलं की वानरांची टोळी हॉलच्या छपरावर उतरली आहे. या भागात वानरांनी कौलं हलवणं नवीन नाही. घराघरांत पावसाच्या आधी कौलं चाळतात ती त्यासाठीच. पण ऐन थंडीत कोण बघतंय? “मी तुमच्या त्या चष्मेवाल्याला सांगितलं,” मावशी म्हणाली. चष्मेवाले म्हणजे चिटणीस. “तो म्हणतो, बघू. मग मी शिपायाला सांगितलं, पोरांना सांगितलं, गाडीवर येईल त्याला सांगितलं. सांगायला काय लागतं? शाल नको गो बाय, वड्याच्या तेलात शाल कुठे सांभाळू? आणि माझ्या सांगण्याने पाणी थांबलं का? पाणी ताडपत्रीने थांबलं. ती मांडववाल्याची.”

मांडववाल्याकडे जायला ताईला जरा संकोच वाटत होता. त्याचे चौकटींचे निम्मे पैसे द्यायचे होते. तो गोदामाच्या दारात विडी ओढत बसला होता आणि ताडपत्रीचं नाव काढताच उठून आत गेला, मोजून आला. “एक कमी आहे खरी,” तो म्हणाला. “म्हणजे रात्री माझ्या न कळत गेली. मला विचारलं असतं तर मी दिली असती का? खरं सांगू, रात्री तीनला मला कोणी उठवलं असतं तर मी शिव्या दिल्या असत्या. पोरांनी नेली असेल. गोदामातच झोपतात.” पोरं कुठे? पहाटेच टेम्पोने चौकला गेली, तिथे उद्या लग्न आहे, मांडव घालायचाय.

इथे कोणीही थांबलं असतं. साडेअकरा वाजून गेलेले, पाचला समारोप, हॉलमधलं पाणी अजून काढायचंय. शिपाईकाकांचं नाव दिलं असतं तरी चाललं असतं. राखणीला तेच होते, कुणी आक्षेप घेतला नसता. ताईने मिनीडोअरवाल्याला विचारलं, चौकला येतोस का? तो म्हणाला, भाड्याचं बघू नंतर.

कर्जत-चौक रस्त्यावरून जाताना इर्शाळगडाचं नेढं आकाशात दिसत राहतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच गडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड आली. वाडी ठाकरांची, डोंगरात, वर गाडीरस्ता नाही. यंत्रं चढवता येईनात, माणसं पायी चढली, पावसात, अंधारात. ताईने विचारलं नव्हतं, तरी मिनीडोअरवाला बोलला. “तेव्हापासून रात्री पाऊस आला की झोप लागत नाही. इथे कुणालाच लागत नाही. म्हणून तर मावशी एवढी ओरडत होती. कौल फुटलं म्हणजे कौलच फुटलं, असं नसतं आता.” मग पुढे कितीतरी वेळ तो काही बोलला नाही, आणि ताईनेही गाडीच्या आवाजाला मध्ये बोलू दिलं.

चौकला दोघं पोरगे बांबूवर चढलेले. कातकरवाडीतले, सोळा-सतरा वर्षांचे. ताईला बघून आधी घाबरले. त्यांना वाटलं, ताडपत्रीची तक्रार आली. खाली उतरायला तयार होईनात. शेवटी मिनीडोअरवाल्याने हसून सांगितलं तेव्हा एक जण अर्ध्यावर आला.

“गाडीवाल्याने हाक मारली. कुलूप नव्हतंच, कडी होती. ताडपत्री नेली, छपरावर चढलो, कौलावर टाकली. पण वारा होता, ती राहीना. मग म्हटलं, चित्रांवरच टाकू.”

“आणि चित्रं तुम्ही काढलीत?”

“नाही ओ. आमच्या हाताला चिखल. तो म्हणाला, काचेला हात लावू नका, ठसे उठतात. तुम्ही बाक आणा. आम्ही बाक आणले.”

“तो कोण?”

“लोकलचा. गाडीतला पॅसेंजर. बॅगेत कटर होता त्याच्या. पुठ्ठे कापले. पेपर होते पुष्कळ.”

ताईने मिनीडोअरवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “हां, तो होय! रोजचाच आहे तो. आठवड्यातून तीन-चार वेळा शेवटच्या गाडीने येतो. डब्यात लोकांनी टाकलेले पेपर गोळा करून आणतो. दादरला फ्रेमच्या दुकानात आहे. कशेळ्याच्या अलीकडे उतरतो. पण काल घरी सोडला तेव्हा चार वाजले होते, भाडं द्यायला लागला तर मी घेतलं नाही.” हे सकाळी का नाही सांगितलंस, असं ताई म्हणाली. तो म्हणाला, तुम्ही विचारलं होतं दारावर लाथा कुणी मारल्या.

दादर, फ्रेमचं दुकान, कशेळे. ताईला तो अर्ज आठवला. लाल शाईने शेरा मारलेला. तीन बाय चारचं परत पाठवलेलं चित्र याच मुलाचं होतं.

फोन नंबर अर्जावर होता. तिने चिटणिसांना फोन करून फाइल उघडायला लावली, नंबर घेतला आणि चौकच्या नाक्यावर उभं राहून लावला. पलीकडे कटिंग मशीनचा आवाज. लग्नसराई, रविवारीही दुकान चालू. तिने आपलं नाव सांगितलं. तो म्हणाला, “वरून तिसऱ्या चित्राची मागची तार सैल आहे. गार्डसाहेबांचं इंजिन. परत टांगायच्या आधी पीळ द्या, नाहीतर संध्याकाळी पडेल.”

“तुम्ही काल रात्री...”

“तंगूस फार बारीक वापरलीत. पुढच्या वेळी चाळीस नंबरची घ्या.”

“तुमचं चित्र आम्ही परत पाठवलं होतं,” ताई म्हणाली. बोलून झाल्यावर तिला वाटलं, हे आत्ता बोलायला नको होतं.

“मोठं होतं ते,” तो म्हणाला. मशीनचा आवाज थांबला. “नियम आहे ना. दुकानातही आम्ही मापाबाहेरची ऑर्डर घेत नाही.” मग जरा थांबून, “रचलेली नीट होती ना? तोंडाला तोंड, पाठीला पाठ, मध्ये कागद, तार बाहेर. सातवीत असताना शिकलो. सर वर्गात रोज म्हणायला लावायचे, पाढ्यासारखं. मला आणखी काही नाही यायचं तेव्हा. सरांना सांगा, तेवढं लक्षात राहिलंय.”

तो शाल घ्यायला येणार नव्हता हे उघड होतं. दुकान रात्री नऊला सुटायचं. ताई दीडला परतली. सर एकटेच हॉलमध्ये पाणी काढत होते, धोतराचा काचा मारून. शाल दाखवून ती म्हणाली, “सर, फिरून फिरून ही तुमच्याकडेच आली. रचायला तुम्ही शिकवलं.”

सरांनी खराटा भिंतीला टेकवला. “मी काय शोधून काढलं का ते? मला माझ्या सरांनी शिकवलं. गठ्ठा चुकला तर छडी मिळायची.” मग कोपऱ्यातल्या कोळशाच्या चित्राकडे बोट केलं. “याच्याखालची चिठ्ठी वाचलीस का? तीन दिवसांत कुणीच वाचली नाही.”

कोंडाणे लेणी कर्जतपासून लांब नाहीत. कोंदिवडे गावातून राजमाचीच्या पायथ्याच्या रानात शिरायचं, उल्हासच्या खोऱ्याकडे पाठ करून चढायचं. दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध लेणं. पावसाळ्यात वरून धबधबा लेण्यांच्या तोंडावर पडतो. चैत्यगृहाच्या दर्शनी भागापाशी डाव्या अंगाला एका प्रचंड पुतळ्याचं फक्त डोकं उरलंय, तेही झिजलेलं. त्याच्या बाजूला ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक ओळ आहे. तिचा अर्थ, कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं.

“वर घाटावर कार्ल्याला जा,” सर म्हणाले. सरांचा हा विषय निघाला की आवरत नाही. “तिथे खांबाखांबावर नावं आहेत. बहुतेक दात्यांची. वैजयंतीचा शेठ भूतपाल, धेनुकाकटचे यवन, गंध विकणारा कुणी. पैसे दिले, नाव कोरलं, त्यात वाईट काही नाही. पैशाशिवाय डोंगर फुटत नाही. दारापाशी एका सुताराचंही नाव आहे, त्याच्या बापाच्या नावासकट. पण आपल्या कोंडाण्याला काय आहे बघ. ज्याने छिन्नी चालवली त्याचं नाव, आणि त्याच्या आधी त्याच्या गुरूचं. पहिला शब्द गुरूचा. आता कण्हाला कुणी शिकवलं असेल? त्यालाही कुणीतरी असणारच. पण कातळात ओळ किती लांब न्यायची? बलकाने एक पायरी मागची लिहिली आणि थांबला. तू आज चौकपर्यंत गेलीस.”

“मग खजिनदारांना नाव कोणाचं देऊ?”

“ते मला विचारू नकोस. पण एक सांगतो.” सरांनी पुन्हा खराटा उचलला होता. “वारली चित्रं म्हटलं की जिव्या सोमा मशे सगळ्यांना माहीत. गंजाडचा माणूस, २०११ ला पद्मश्री मिळाली, मिळायलाच हवी होती. पण १९७० नंतरच्या वर्षांत त्या पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन गेलेला भास्कर कुलकर्णी? स्वतः चांगला चित्रकार. त्याआधी बिहारात मधुबनीच्या बायकांकडेही तोच कागद घेऊन गेला होता. मशेंची चित्रं मुंबईत केमोल्ड गॅलरीपर्यंत पोचली त्याच्या आधी कुणाची तरी तंगडतोड झाली होती. आणि मशेंच्याही आधी ती चित्रं लग्नाच्या घरात सवाशिणी काढत होत्या. आता त्यातल्या एकीचं तरी नाव सांग.”

ताईला सांगता येईना. मलाही येत नाही.

पाचचा समारोप सहाला सुरू झाला. प्रमुख पाहुणे पुण्याहून यायचे, ते घाटात अडकले. चार शाली चार पाहुण्यांच्या अंगावर गेल्या, फोटो झाले. भाषणं व्हायची तशी झाली. प्रमुख पाहुणे मात्र चांगलं बोलले, फक्त गार्डसाहेबांच्या इंजिनांवर बोलले आणि बसले. सूत्रसंचालकाने आभारासाठी ताईला बोलावलं, तशा मागच्या खुर्च्या सरकायला लागल्या.

ताईच्या हातात कागद नव्हता. ती म्हणाली, “काल दुपारी तीन वाजता या छपरावर वानरं आली होती.”

खुर्च्या थांबल्या. आभाराचं भाषण वानरांपासून सुरू झालेलं कर्जतने पाहिलं नव्हतं. तिने सगळं क्रमाने सांगितलं. कोण कुठे होतं, काय पाहिलं, कुणाला सांगितलं, कोणी काय उचललं. प्रत्येकाचं नाव, आणि नावाला जोडून त्याने केलेलं काम. ‘मोलाचं सहकार्य’ हा शब्द एकदाही नाही. कोणाचं काम फुगवलं नाही. शिपाईकाका झोपले होते, हे तिने तसंच सांगितलं, आणि काका दारातून ओरडले, “घोरत होतो!” हॉल हसला. ताडपत्री मालकाला न विचारता नेली हेही सांगितलं. मांडववाला चौकटी सोडवायला येऊन बसलेला, त्याने मान डोलावली, आणि त्याचे राहिलेले पैसे आज रात्री मिळतील हेही तिने माइकवरूनच सांगून टाकलं. खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. दादरच्या मुलाचं नाव घेताना ती म्हणाली की त्याचं चित्र या भिंतीवर नाही, कारण ते भिंतीपेक्षा नाही, आपल्या नियमापेक्षा एक फूट मोठं आहे. आणि त्याने रचलेली तेवीस चित्रं मात्र तुम्ही आत्ता बघताय. सर खाली मान घालून बसले होते. बलकाचं तिने नाव काढलं नाही. ती चिठ्ठी होती तिथेच होती, ज्याला वाचायची त्याने वाचावी.

तीन मिनिटं कधीच संपली होती. कोणी उठलं नाही. एका माणसाचे आभार ऐकायला लोक कंटाळतात, पण त्याने नेमकं काय केलं हे ऐकायला कंटाळत नाहीत, असं माझं मत आहे. आणि आपल्या नावाची वाट बघत बसलेल्या माणसापेक्षा आपलं नाव येईल अशी कल्पनाच नसलेल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. चौकहून टेम्पोने परतलेले ते दोन पोरगे हॉलच्या खिडकीत उभे होते. त्यांची नावं आली तेव्हा एक जण खिडकीखाली बसला तो वरच येईना.

“शाल एकच आहे,” ताई शेवटी म्हणाली, “आणि ज्याच्याकडे नेली त्याने पुढच्याचं नाव सांगितलं. आता आणखी कुणी राहिलं असेल तर त्यांनी...”

“वानरं राह्यली!” मागून कोणीतरी ओरडलं.

“वानरांचं सोडा,” मावशी फाटकावरून आत आली होती, हातात झारा तसाच. “आभार पुरे झाले. ते कौल कधी बसवताय? रात्री पुन्हा आला तर?”

सगळ्यांनी वर पाहिलं. पश्चिमेच्या भिंतीवर, गार्डसाहेबांच्या इंजिनाच्या बरोब्बर वर, फट तशीच होती, आणि तिच्यातून आता संध्याकाळचा उजेडही येत नव्हता. दिवसभर मंडळाने शालीचा विचार केला होता.

चिटणीस उठले. चेहरा पडला होता, पण उठले हे खरं. त्यांनी शाळेची शिडी कुठे आहे ते शिपाईकाकांना विचारलं. काका म्हणाले, शिडी आहे, एक पायरी निखळलेली आहे, खाली दोघांनी धरावी लागते. खिडकीतला पोरगा आत आला आणि न विचारता वर चढला. चिटणिसांनी शिडीचा एक पाय धरला. दुसऱ्याला हात घालायला प्रमुख पाहुणे पुढे झाले, अंगावरची शाल खांद्यावरून घसरायला लागली तशी त्यांनी ती काढून खजिनदारांकडे दिली.

खजिनदारांनी ती घडी घालून पिशवीत ठेवली आणि वहीत आधी लिहिलेला १ खोडून २ केला.